बानूबाईंच्या मशीनची बरणी

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज पुन्हा तेच. प्लेटवर क्लेबसिएला जंतू, आणि औषधाच्या एकाही चकतीला दाद नाही. सगळ्या चकत्यांना चिकटून ऐटीत वाढलाय. नमुना सांगवीच्या आजोबांचा, आमच्याच आयसीयूतला. मागे भिगवणच्या एका छोट्या दवाखान्यातून भीमा नावाच्या मासेमाराचा नमुना आला होता, तोही असाच. भीमा गेला. माझ्याच वयाचा होता.

रिपोर्ट घेऊन डॉ. हिंदुरावांकडे गेले. हॉस्पिटल त्यांचं, मी त्यांची पगारी सूक्ष्मजीवतज्ज्ञ. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मॅडम, तुमच्या लॅबमध्येच काहीतरी मिसळलं असेल." मी एवढी वर्षं प्लेटा काय चुलीवर भाजतेय?

म्हटलं, पुण्याला पाठवू, जीनोम सिक्वेन्सिंग करून घेऊ. जंतूची सगळी जनुकीय अक्षरं वाचून काढली की आजोबांचा जंतू आणि भीमाचा जंतू एकाच घरातले की परके, ते कळतं. एकाच घरातले असतील तर तो एका जागेवरून पसरतोय, आणि ती जागा सापडली नाही तर पुढचा पेशंट कुठेतरी रांगेत उभाच आहे.

"आणि काही निघालं तर?" हिंदुराव म्हणाले.

"निघावं म्हणूनच तर पाठवायचं."

"मग ते बाहेर कळणार ना, मॅडम."

मी कपाळावर हात मारायचा बाकी ठेवला. शेवटी "बघा काय ते" म्हणाले. मी त्याचा अर्थ होकार असा लावला आहे.

काटेवाडीला घरी पोचले तर दारात तीन एअर बेड वाळत घातलेले, आत जायला वाट नाही. सासऱ्यांना, आबांना, कितीदा सांगितलं की मागच्या बाजूला वाळवा. "मागं ऊन न्हाय," म्हणतात. या घरात माझं ऐकणारं कोणी नाही आणि हॉस्पिटलात तर नाहीच नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आबांनी सकाळीच पडवीत सगळी मशीनं मांडली. लोक आज विळे, कोयते, ट्रॅक्टर पुजतात. आमचे सासरे कमोडच्या खुर्च्या, वॉकर आणि कफ ओढायची सक्शन मशीनं पुजतात. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. एअर बेडच्या पंपालासुद्धा.

हा खटाटोप सासूबाई गेल्यापासूनचा. त्यांना झटका आला, आमच्याच आयसीयूत होत्या, गळ्याला भोक पाडून नळी बसवली. मग घरी आणलं तेव्हा माझ्या नवऱ्याने, सुयोगने, कफ ओढायचं मशीन विकत घेतलं. त्या गेल्यावर ते पडून राहिलं. शेजारच्या गावातून कोणी मागायला आलं, आबांनी दिलं. मग दुसरं कोणी. आता पडवीभर सामान झालंय आणि बारामती-इंदापुरातून माणसं विचारत विचारत येतात. पहिल्या मशीनवर आबांनी पेंटरकडून लाल रंगात लिहून घेतलंय, 'कै. बानूबाई म्हस्कू यांच्या स्मरणार्थ'. त्याला आज दोन फुलं.

ते मशीन कालच परत आलं. योगायोग असा की ते भिगवणच्या त्याच भीमाकडे होतं. त्याची बायको सारजा एसटीने मांडीवर घेऊन आली. ओढलेला कफ साठतो ती बरणी घासूनपुसून, आत ताजं पाणी, वर फडक्यात गुळाचा खडा. आबा खूश. आपल्याकडे उसनं नेलेलं भांडं कुणी रिकामं परत देत नाही, आणि आबा तर कुणाला रिकामं देतही नाहीत. मी म्हटलं, "आबा, ते मशीन आहे, कढई नाही." तर म्हणाले, "बरणी हाय ना त्याला? मग भांडंच की."

दुपारी निमगावच्या दगडाबाई येऊन तेच मशीन घेऊन गेल्या. मुलगा युवराज, दुधाच्या टेम्पोला त्याची मोटरसायकल धडकली. इंदापूरच्या हॉस्पिटलातून उद्या घरी सोडणार, गळ्याला नळी आहे. बाईंनी मशीन लुगड्याच्या पदराखाली धरलं होतं. आबांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि अर्धा तास धीर दिला. धीर देण्यात आबांचा हात कोणी धरणार नाही. माझ्या वाट्याला तो कधी येत नाही, हा भाग वेगळा.

९ ऑक्टोबर

नमुने पुण्याला रवाना. तिथली सुप्रिया बरी आहे, ऐकून घेते. म्हणाली, जुने काही जपून ठेवलेले असतील तर तेही दे, तुलनेला लागतात. शीतपेटीत दोन वर्षांपूर्वीचा सासूबाईंचा होता. त्यांनाही आयसीयूत क्लेबसिएलाच लागला होता. तोही घातला. डबा बंद करताना उगीच वाईट वाटलं.

जेवताना आबांनी विचारलं, एवढं काय शोधतीस. समजावून सांगायचा कंटाळा आला होता. पण आबांचं लहानपण मेंढरांमागं गेलंय, म्हणून म्हटलं, "दोन कळप मिसळले तर तुमची मेंढरं कशी ओळखायचा?"

"कानाला खूण आसती की. आमची डाव्या कानाला मागनं चीर."

"तशीच जंतूंना खूण असते. आत, अक्षरांची. ती पाहून कळतं, हा कुणाच्या कळपातला."

"जंतूंची बी भावकी आसती म्हण की!" आबा हसले. मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मेंढरं कुणाच्या रानात शिरून पीक खाल्लं, तर खूण बघून मालक सापडायचा. मग मालकानं सोताच्या पायानं जायचं त्या रानवाल्याच्या दारात. गड्याला धाडायचं न्हाय."

मी म्हटलं, आमच्या मालकांना तर खूणच बघायची नाहीये.

२२ ऑक्टोबर. पाडवा

सुयोग भवानीनगरला. तो कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट, आणि गाळप तोंडावर आलंय. म्हणजे आता फाल्गुनापर्यंत माझा नवरा उसाचा. ओवाळायला घेतलं तेव्हा फोन वाजला, कपाळाला टिळा घेऊन तसाच गेला. सांगवीचे आजोबा परवा वारले. पुण्याचा पत्ता नाही. चकली मऊ पडली.

३ नोव्हेंबर, सोमवार

इंदापूरच्या हॉस्पिटलातून नमुना आला. प्लेट पाहिली. तोच. नाव वाचलं तर युवराज, दगडाबाईंचा. घरी नेला, बरा होता, मग ताप चढला म्हणून पुन्हा दाखल केलाय.

तडक इंदापूरला गेले. तिथल्या डॉक्टरांना वाटलं मी चुका काढायला आलेय. बरोबरच वाटलं. नळ, बेसिन, स्टेथोस्कोप, खाटेचे कठडे, सिस्टरांचे हात, सगळ्याचे स्वॅब घेतले. एक सिस्टर म्हणाली, "मॅडम, देवघराचा पण घ्या." घेतला. हसावं की रडावं.

युवराज पंचविशीचा. डोळे उघडे होते, माझ्याकडे पाहत होता, बोलता येत नाही. शेजारच्या स्टुलावर सासूबाईंचं नाव लिहिलेलं मशीन घरघरत होतं. वॉर्डातलं मशीन सारखं दुसरीकडे जातं म्हणून दगडाबाई घरूनच घेऊन आल्या. "आबांची लई मदत झाली बगा," म्हणाल्या. मला इथेही आबांचीच स्तुती ऐकावी लागली. मशीन बाहेरचं, हॉस्पिटलच्या यादीतलं नव्हे, आणि स्वॅबही संपत आले होते, म्हणून ते सोडलं.

निघताना दगडाबाईंनी हात धरला. "पोराला काय हुणार न्हाय ना?" मी सांगितलं, शेवटचं राहिलेलं औषध सुरू केलंय. शेवटचं हा शब्द जिभेवरून निसटला. एवढं शिकून बोलायची अक्कल आली नाही.

११ नोव्हेंबर

इंदापूरचे सगळे स्वॅब कोरे. आमच्या आयसीयूचे पुन्हा घेतले, तेही कोरे. तिथली सोनम सिस्टर मला पाहिलं की हात मागे लपवते. हिंदुरावांनी नोटीस लावली की यापुढे परवानगीशिवाय स्वॅब घेऊ नयेत. माझं नाव तेवढं घातलं नाही, बाकी सगळं घातलं.

दुपारी सुप्रियाचा फोन. आजोबांचा, भीमाचा आणि तो जुना नमुना, सगळे एकाच वंशातले. फरक अगदी मोजक्या अक्षरांचा. युवराजचाही मी नंतर पाठवला होता, तो भीमाच्या जंतूला सर्वांत जवळचा. "आणि सगळ्यांच्या मुळाशी तो जुना आहे," ती म्हणाली. "कुणाचा गं तो?"

मी म्हटलं, माझ्या सासूबाईंचा.

मला क्षणभर आनंदच झाला, इतकी मी गेल्या महिन्यात वैतागले होते. सासूबाईंना जंतू आमच्या आयसीयूत लागला, म्हणजे दोन वर्षं तो आमच्याच भिंतींत दबा धरून आहे! हिंदुरावांसमोर जाऊन टेबलावर कागद आपटला. बेसिनं काढा, पाइप उकरा, म्हटलं.

त्यांनी कागद उलटासुलटा पाहिला. "मॅडम, तो भिगवणचा माणूस आपल्याकडे कधी आला होता? आणि तो इंदापूरचा मुलगा?"

कधीच नाही. हा माणूस वर्षातून एकदा बरोबर बोलतो आणि तो दिवस नेमका असा निवडतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

घरी लवकर आले, डोकं दुखत होतं. दारात एक बाई सक्शन मशीन न्यायला आलेली. दुसरं मशीन, निळं. आबांनी बरणी बसवली, नळ्या गुंडाळून दिल्या. मग तांब्यातलं पाणी घेऊन बरणीत चार बोटं ओतलं. मी त्यांना हे किती वेळा करताना पाहिलंय, देव जाणे. दिवाळीत पाहिलं, उन्हाळ्यात पाहिलं. चिडचिड करत बाजूने निघून गेले आहे.

"आबा, हे पाणी कशाला?"

"रिकामं कसं देऊ? आजाऱ्याच्या घरी रिकामं भांडं जाऊ ने."

"आणि परत येतं तेव्हा?"

"भरूनच येतं की. लोकं काय येडी हायती?"

"ते पाणी तुम्ही ओतून टाकता?"

"लगेच न्हाय वतत. दुसरं कुणी न्यायला आलं की तवा बदालतो."

मी तिथंच पायरीवर बसले. आठवडे, महिने. बरणीत पाणी, कोपऱ्यात सावली, झाकण लावलेलं. जंतूला आणखी काय हवं? मी बेसिनं उकरायला निघाले होते, आणि भीमाकडची बरणी गूळ घेऊन माझ्याच पडवीत आली होती.

"सांगवीच्या आजोबांकडे होतं का हो आईंचं मशीन?"

"व्हय की. पावसाळ्यात. त्यांच्याकडनंच भिगवणला गेलं."

त्या बाईंना निळं मशीन दिलं नाही. हॉस्पिटलात फोन करून तिथलं मिळवून दिलं. आबा माझ्यावर भयंकर रागावले, दारात आलेल्याला रिकाम्या हाती लावलं म्हणून. इंदापूरला फोन करून ते मशीन युवराजपासून बाजूला करायला सांगितलं. उद्या पहाटे जाऊन स्वॅब घेते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उगवलं. बरणीच्या तळाशी, झाकणाच्या खोबणीत, मोटारीकडे जाणाऱ्या आखूड नळीत. प्लेटा भरभरून. पुण्याला पाठवलेत, पण मला उत्तर माहीत आहे. निळ्या मशीनमध्ये काही नाही.

आबांना सांगायचं होतं. सुयोगला म्हटलं तू सांग, तुझे वडील आहेत. तो म्हणाला, "अगं, तुला नीट समजावता येतं." हंगाम चालू आहे, दुसरं काय.

आबा गोठ्यापाशी होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. म्हटलं, आबा, खूण सापडली. आजोबा, भीमा, युवराज, तिघांच्या जंतूंना एकच खूण आहे. ती आईंच्या जंतूची.

आबांनी हातातली वैरण खाली ठेवली. मग, "म्हंजी मेंढरू आपलंच."

"नाही आबा. आईंना ते हॉस्पिटलात लागलं. मेंढरू हॉस्पिटलचं आहे."

"आसंल. दोन वरीस चारलं कुणी?"

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं, माझं कामच ते आहे. माझ्या डोळ्यांदेखत…"

"तुझं राहू दी," आबा म्हणाले. "ती पाण्याबिगर तडफडली नळी लावल्यावर. म्हणून मी पाणी घालत व्हतो गं."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, जुनी रीत म्हणून करतात.

१९ नोव्हेंबर

हिंदुरावांना एवढं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं. "बाहेरचं निघालं! मी म्हणत नव्हतो?" म्हणाले, रिपोर्टात फक्त दान केलेलं मशीन लिहा. मी म्हटलं, मूळ आपल्या आयसीयूचं आहे, ते पहिल्या ओळीत येईल. माझ्या घरचं मशीन दुसऱ्या ओळीत येईल. दोन्ही लिहीन. त्यांनी विचारलं, सासऱ्यांची बदनामी चालेल तुम्हाला? मी म्हटलं, तुमची चालत असेल तर त्यांचीही चालेल.

मोठ्या तोऱ्यात बाहेर आले आणि पाण्याच्या टाकीमागे उभं राहून रडले.

घरी आबा फेटा बांधून बसलेले. "उद्या इंदापूरला जायचंय. मग भिगवण. सांगवीला आजच जाऊन आलो."

"कुणाला विचारून गेलात? लोक काय म्हणतील, पोलिसात जातील, कळतंय का तुम्हाला?"

"जाऊ दी. गड्याला धाडायचं न्हाय."

मी भांडले, सुयोगला फोनवरून भांडायला लावलं. शेवटी एवढंच ठरलं की गाडी मी चालवणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार

इंदापूर. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर दगडाबाई. आबा समोर उभे राहिले, बसले नाहीत. सगळं सांगितलं, जसं मी त्यांना सांगितलं होतं तसंच, एकही गोष्ट न गाळता. दगडाबाईंना आधी कळेचना. मग कळलं.

"माझं पोरगं मारायला दिलंत व्हय ते मशीन? चहा पाजून?"

आबांनी मान खाली घातली. बाई ओरडत होत्या, वॉर्डातली माणसं जमली. मी मध्ये पडून जंतू, पाणी, हॉस्पिटल असं काहीतरी बोलायला गेले तर आबांनी हाताने मागं सारलं. बोलून बोलून बाई थकल्या आणि खाली बसल्या. आबा तसेच उभे. "पोरगं घरी जाईस्तोवर मी हितं रोज येनार," म्हणाले.

"येऊ नका," दगडाबाई म्हणाल्या.

भिगवणला पोचायला दुपार झाली. सारजा हायवेच्या कडेला मासे घेऊन बसते. तिने आबांना पाहून पाटी बाजूला केली, पोतं अंथरलं. इथेही आबा बसले नाहीत. ऐकताना तिचे हात पाटीवरच होते.

"म्हंजी आमच्या ह्यांना त्यातनं…"

"व्हय. मेंढरू माझं व्हतं."

तिने पाटीवर फडकं ओढलं. मग एकदम म्हणाली, "पर आबा, मी बी पाणी घालूनच परत दिलं की. धुऊन, ताजं. तुमाला रिकामं कसं देनार? मग त्या निमगावच्या पोराला माझ्या हातनं…"

"न्हाय," आबा म्हणाले. इतक्या मोठ्याने की दोन गिऱ्हाइकं वळली. "तुझं काय न्हाय त्यात. एक शब्द मनात आणू नगंस."

मला जे आबांना सांगता आलं नव्हतं ते आबांनी तिला सांगितलं.

५ डिसेंबर

सुप्रियाने कळवलं, बरणीतला जंतू त्याच वंशातला. युवराजचा ताप उतरला. औषधाने मूत्रपिंडं दमली आहेत, पण सावरतील असं तिथले डॉक्टर म्हणतात. आबा रोज एसटीने इंदापूरला जातात, आयसीयूच्या जिन्यात बसतात आणि परत येतात. मी म्हटलं, त्या बोलत नाहीत तर कशाला जाता. माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा भरून दिला.

माझा रिपोर्ट गेला, दोन्ही ओळींसकट. हिंदुराव माझ्याशी फक्त चिठ्ठ्यांवरून बोलतात. पण बेसिनं बदलायला माणसं आली आहेत. ती बेसिनं कोरी निघाली होती. या माणसाला कुठल्या भिंतीवर डोकं आपटून समजवायचं?

२३ डिसेंबर

युवराज घरी गेला. चालत नाही अजून, नळी निघाली. दगडाबाई जिन्यावरून उतरल्या तेव्हा आबा तिथंच होते. त्या थांबल्या नाहीत. युवराजने खुर्चीतून हात वर केला, एवढं आबांनी घरी येऊन सांगितलं.

सासूबाईंच्या मशीनची बरणी आणि नळ्या जाळण्याच्या पिवळ्या पिशवीत गेल्या. आबांनी विचारलं होतं, बघता येईल का एकदा. मी नाही म्हटलं. आता वाटतं, दाखवायला हवी होती.

११ जानेवारी, रविवार

पडवी रिकामी होती ती आज पुन्हा उघडली. प्रत्येक पेशंटला नवी बरणी, नव्या नळ्या, आणि परत आलं की आधी माझ्याकडे हॉस्पिटलात. मी नियम सांगत होते आणि आबा "व्हय व्हय" करत होते. मला खात्री होती की माझी पाठ वळली की पुन्हा तेच.

भवानीनगरहून अविराज नावाचे गृहस्थ आले, कारखान्यात फिटर, वडिलांसाठी मशीन हवं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. आबांनी बरणी उजेडात धरली, आतून फडक्याने पुन्हा पुसली. मग सवयीने तांब्या उचलला.

मी हाक मारणार होते.

आबा तांब्या धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो तांब्या अविराजांच्या पुढे केला. "घ्या, पाणी प्या आधी. लांबनं आलाय."

ते प्यायले. आबांनी त्यांच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि बरणी उलटी करून, झाकण वेगळं, पिशवीत घातली.

"रिकामी देतोय," म्हणाले. "वाईट वाटून घिऊ नका. आन् परत आणाल तवा रिकामीच आणा."